खोटा मणी

तीर्थरूप मामांना भाचीचा नमस्कार. आपली तब्येत उत्तम असेल असं लिहायची पद्धत आहे. पण मी औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते, तपासल्याशिवाय काही लिहीत नाही. मी बरी आहे. (हे मात्र न तपासता.)

हकिगत अशी. मावशी तुमच्याकडे राहायला आली, तिचं डोकं दुखलं, तिने कपाट उघडलं आणि हाती लागली तुमच्या हिपॅटायटिस बीच्या गोळ्यांची बाटली. नाव मोबाइलवर शोधलं. उत्तर आलं, एचआयव्हीचं औषध. मोबाइल खोटं बोलला नाही, पण ‘हिपॅटायटिस बीवरही देतात’ हे उरलेलं अर्धं वाचायला मावशी थांबली नाही. संध्याकाळपर्यंत सगळे नातेवाईक तुमच्याविषयी हळू आवाजात बोलत होते, आणि आपल्याकडचा हळू आवाज किती लांब जातो हे तुम्ही जाणताच.

मग खात्री करायला तिने मला फोन केला. (बातमी आधी, खात्री नंतर, हा तिचा क्रम.) मी समजावलं: विषाणू वाढतो म्हणजे मण्याला मणी जोडत आपल्या माळेची नक्कल करतो. ही गोळी म्हणजे हुबेहूब खोटा मणी, फक्त पुढचा मणी अडकवायची कडी त्याला नाही. विषाणू हावरटासारखा तो ओवतो आणि माळ तिथेच खुंटते. दोन्ही विषाणू त्याच मण्याला फसतात, म्हणून गोळी तीच. (एचआयव्हीला सोबत आणखी औषधं लागतात; तुम्हाला ही एकटी पुरते.)

“अगं बाई, म्हणजे त्याला दोन्ही झालंय!” मावशी म्हणाली.

तेव्हा मी शास्त्र सोडलं आणि तिच्याच माळेत एक मणी ओवला. म्हटलं, “मामांना फक्त हिपॅटायटिस बी आहे. एकत्र जेवल्याने तो होत नाही, पण सख्ख्या भावंडांनी रक्त तपासून घ्यायचं असतं. आता तू ज्याला सांगशील, तो आधी विचारेल, तुझं तपासलंस का?”

मावशीने फोनच ठेवला. तिने आधी फोन ठेवण्याची ही पहिलीच वेळ. (ती सुईला लहानपणापासून घाबरते.) त्यानंतर एकही फोन फिरला नाही.

आपली,
भाची

ता. क. मावशीचं रक्त स्वच्छ निघालं. तिने लसही घेतली. दंडावरची पट्टी पदकासारखी मिरवते आहे.

दुसरा ता. क. मामी म्हणाली, बातमी तुमच्याच कानावर आली तेव्हा लाजेने तुम्ही बाटली बुटांच्या कपाटात लपवलीत आणि गोळ्या बंद केल्यात. मामा, विषाणू मेलेला नाही, नुसता अडलाय. खोटे मणी थांबले की माळ पुन्हा वाढते, आणि यकृताच्या जिवावर बेतू शकतं. आजच डॉक्टरांना सांगून गोळी सुरू करा, रक्तही तपासा. एवढं एकच मी गमतीने लिहिलेलं नाही.

शेवटचा ता. क. हे पत्र मावशीच घेऊन येते आहे. गोळी तिच्यादेखत घ्या. दाराबाहेर पडायच्या आत ती सगळ्यांना कळवेल. ही माळ मी थांबवणार नाही.