लस टोचणाऱ्याच्या लेकीचा दंड

बंगळूर, सोमवार, १९६२

शालू पोरी, माझ्या वहीत मी बोलते तसंच लिही, तुझं शहाणपण घालू नकोस.

सकाळी देवीची लस टोचणारा आला. सूनबाई बाळाला घेऊन आत पळाली. शेजारच्या पोराला लशीनं ताप आला होता ना! मी म्हटलं, "अण्णा, आधी तुझ्या लेकराचा दंड दाखव."

संध्याकाळी तो खरंच लेकीला सायकलवर घेऊन आला. दंडावर गोल खूण, पोरगी ठणठणीत.

"आता तुमचा दंड दाखवा, अज्जी."

"दंड कशाला? माझे देवीचे व्रण तोंडभर आहेत, बघ की."

सूनबाईनं बाहेर येऊन बाळाची बाही वर केली.

टोचून झाल्यावर चार दिवसांनी ताप येईल, म्हणाला तो. चुकले का मी? सूनबाईला विचारलं, तर तिनं बाळ माझ्याच मांडीवर ठेवलं.