मुठीचा ठसा

परंडा, ३ फेब्रुवारी १९७८

ती. अक्कास, ज्ञानोबाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या बोटांना वात धरलाय आणि हातात खुरपं राहत नाही, हे कळलं. आई गेल्यापासून तिचा भाजीचा वाफा तू एकटीनं जगवलास. दुष्काळात सांडपाण्यावर वांगी धरलीस. आता तो वाफा सोडून आमच्याकडं राहायला ये म्हटलं, तर तू मला उभा-आडवा घेशील. म्हणून हा शेवटचा उपाय. आमच्या सोसायटीच्या अवजारांच्या कारखान्यात तुझ्या हातापुरती जाड मूठ करून देतो. जुन्या खुरप्याच्या मुठीवर ओली माती थाप, दुखणार नाही अशी धर, आणि वाळली की काढून पाठव. नाहीच जमलं तर पाडव्याला तुला न्यायला येतो.

दुखऱ्या हातानं का होईना, लोभ धरून ठेव.

तुझा, ज्ञानोबा

भूम, १२ फेब्रुवारी

चि. ज्ञानोबास, अनेक आशीर्वाद.

पेन धरवत नाही, म्हणून मल्लिनाथ मास्तरांकडून लिहून घेते. ते परंड्याला निघालेत, ठसा त्यांच्याबरोबरच पाठवते. माती आईच्या वाफ्यातलीच आहे. उजव्या हातानं धरली. मूठ मिटली तशी माती आतून ऊन लागली, भर दुपारी अंगावर काटा आला. मास्तर हसतात, हसू देत. पाडव्याला येऊ नकोस. वाफा सोडून म्या कुठं न्हाय यायची, हे त्यांना जसंच्या तसं लिहायला लावलंय.

मुलाबाळांना पापा.

तुझी, अक्का

परंडा, २ मार्च

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

मास्तरांनी उजवा हात लिहिलाय, पण ठसा डाव्या मुठीचा निघाला. त्यांची चूक, दुसरं काय! ठशाबरहुकूम बाभळीची मूठ कोरली. कोरताना आई आठवली. ती डावरी होती. प्रौढ वर्गात डाव्या हातानं लिहायला शिकली तेव्हा सगळं गाव हसलं होतं. खरं सांगतो अक्का, मूठ डाव्या हातात धरून बघायचं मला धाडस झालं नाही. जपून वापर, आणि कशी आहे ते कळव.

तुझा, ज्ञानोबा

भूम, १५ मार्च

चि. ज्ञानोबास, अनेक आशीर्वाद.

मास्तर चुकले नव्हते. मी उजवाच हात दाबला होता.

तरी खुरपं डाव्या हातात घेतलं. दुखणं म्हणून नाही. सारा वाफा एका बैठकीत खुरपून झाला. मग वांगीही उपटली गेली. मला थांबायचं होतं, हात थांबेना. आता खुरपं खाली ठेवायला जाते तर बोटं उघडत नाहीत. पेनापुरती तेवढी उघडतात. हे त्याच डाव्या हातानं लिहितेय, मास्तरांची गरज राहिली नाही.

पाडव्याची वाट बघू नकोस. मिळेल त्या गाडीनं ये, मला घेऊन जा.

खालची सही बघून भिऊ नकोस. मी ‘अक्का’च लिहायला गेले होते.

तुझी,
आई