काळजीची वेळ पाच ते साडेपाच

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. आजारी कुणी नाही. म्हणजे मी आहे, पण ताप-खोकला असलं काही नाही. फोनवर तू बोलतेस, मी हं हं करतो, शेवटी तू विचारतेस बरा आहेस ना, मी बरा आहे म्हणतो आणि तू फोन ठेवतेस. दहा वर्षं असंच चाललंय. म्हणून म्हटलं, लिहावं. पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही.

तर गेले सहा आठवडे मी रजेवर आहे. झालं असं, की लिफ्ट तपासायची, ठीक असल्याचा कागद आत लावायचा, रस्त्यावर यायचं, आणि ब्रेक नीट बघितला का या धास्तीनं परत जायचं. एका अकरा मजली इमारतीत एकाच दिवसात चारदा गेलो. शेवटी वॉचमननं विचारलं, इथे फ्लॅट बघताय का. मग एके दिवशी सकाळी एक बूट घातला आणि दुसरा हातात घेऊन दुपारपर्यंत तसाच बसून राहिलो. घालावासाच वाटेना. सौ.नं तो हातातून काढून घेतला आणि मला एका सायकॉलॉजिस्ट बाईंकडे नेलं.

बाई चांगल्या आहेत. खोलीत दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा आणि खिडकीत एक मरगळलेलं रोप. त्या म्हणाल्या, तुम्हाला डिप्रेशन आहे आणि जोडीला अँग्झायटी. एक खाली ओढतं, दुसरं वर पळवतं. मी म्हटलं, म्हणजे आमचाच धंदा. बाई हसल्या. तासाभरात एकूण दोनदा हसवलं त्यांना. बाहेर आल्यावर सौ.नं आत काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा हेच सांगितलं. सौ. मात्र हसली नाही.

तुझा गुडघा कसा आहे ते कळव. लोभ आहेच, त्यात काटछाट करू नकोस.

तुझा
ठोकळ्या


९ मार्च

चि. ठोकळ्यास,
अ. आ.

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीचे पायच आहेत.

आपल्या घराण्यात असलं कधी कुणाला झालेलं नाही. काका सहा महिने खोलीबाहेर आले नव्हते, पण ते मतभेदामुळे. आत्या कपाटाचं कुलूप रोज सात वेळा ओढून बघायची, पण ती सावधगिरी. आई दुपारी न्हाणीघरात नळ सोडून रडायची, पण तिचे डोळेच नाजूक होते. तेव्हा हे तू कुठून आणलंस, तुलाच ठाऊक.

आणि तिथे तू दाखवायला गेला होतास की करमणूक करायला? दातांच्या डॉक्टरकडे जाऊन तोंड मिटून बसतोस का? सोबत तीन पानं जोडली आहेत. त्यांत तुझा पहिलीपासूनचा स्वभाव मुद्देसूद मांडला आहे. मुख्याध्यापिका होते, त्यामुळे कुणाचंही असं लिहायची मला सवय आहे. ती पानं बाईंना नेऊन दे. पहाटे उठत जा, गार पाण्यानं अंघोळ कर आणि रोज दहा गणितं सोडव. गुडघा आहे तिथेच आहे.

माया आहे म्हणून रागावणारी,
ताई


२१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी तीन पानं दिली. बाईंनी ती वाचली आणि बाजूला ठेवली. पण तू लिहिलेलं काका, आत्या आणि आईचं सांगितलं, तेव्हा त्या बराच वेळ वहीत काहीतरी लिहीत होत्या. पहाटे उठण्याचं म्हणशील, तर मला चारलाच जाग येते. त्यासाठी काही करावं लागत नाही.

बाईंनी एक युक्ती दिली आहे. दिवसभर काळजी करायची नाही. मनात आली की वहीत टिपायची, आणि संध्याकाळी पाच ते साडेपाच एका जागी बसून सगळ्या एकदम करायच्या. मी आपला कोचावर बसलो. पहिल्याच दिवशी सौ. शेजारी टेकली आणि म्हणाली, करतोच आहेस तर माझीही एक घे. तिच्या चष्म्याच्या दुकानात नवीन मशीन येणार आहे, ते तिला जमेल का? दुसऱ्या दिवशी सासरेबुवा आले. त्यांना वाटतं टोपीमुळे केस गळतात, पण टोपी काढली तर गळलेले दिसतील. तिसऱ्या दिवशी खालचे शिंपीमामा गळ्यात टेप घालूनच हजर. त्यांच्या हातून एका नवरदेवाच्या पँटचा एक पाय आखूड झाला होता आणि लग्न दुसऱ्या दिवशी होतं.

आता पाचला कोचावर मला जागा मिळत नाही. काल स्टुलावर बसलो. पण सगळ्यांना मोकळं वाटतं. शिंपीमामा म्हणाले, इतकं मन लावून त्यांचं कधी कुणी ऐकलं नव्हतं. वहीत अकरा काळज्या झाल्या आहेत, यादी सोबत पाठवतो. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या तिसऱ्यांदा हसल्या, आणि मग माझी वही मागून घेऊन पहिल्या पानापासून चाळू लागल्या. का ते कळलं नाही.

तुझी एखादी असेल तर बिनदिक्कत पाठव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
ठोकळ्या


२७ मार्च

चि. ठोकळ्यास,
अ. आ.

यादी वाचून पोट धरून हसले. माझ्याही दोन पाठवणार होते. एक गुडघा, आणि दुसरी, निवृत्त झाल्यापासून सकाळी अकराला मी आरशासमोर उभी राहते आणि हजेरी घ्यायला कुणीच नसतं ती. मग यादी पुन्हा वाचली आणि लेखणी खाली ठेवली.

छत्तीस वर्षं मी पेपर तपासले. न येणारा प्रश्न सोडून पोरं बाकीच्यांची लांबलचक उत्तरं लिहितात, तीही सुवाच्य अक्षरात. या अकरांत तुझी एकही नाही. तुझी कुठे आहे? मला सांगायचं नसेल तर नको सांगूस, पण त्या बाईंना सांग. आणि सांगताना त्यांना हसवू नकोस.

आणखी एक. आईचे डोळे नाजूक नव्हते. ते मला तेव्हाही माहीत होतं.

वाट बघणारी,
ताई


४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी बाईंना सांगितलं. काल सौ.ला सांगितलं. आता तुला सांगतो, आणि हेच शेवटचं, कारण फार दमायला होतं.

पहाटे जाग आली की पहिला विचार येतो, जाग आलीच नसती तर बरं झालं असतं. गेल्या नोव्हेंबरपासून, रोज. मला वाटलं होतं हे ऐकून बाई ताडकन उभ्या राहतील. त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि सरळ विचारलं, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का. तसं येत नाही, हे अगदी खरं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, आलं तर त्याच क्षणी कुणाला सांगाल. मी म्हटलं सौ.ला, नाहीतर तुम्हाला, नाहीतर ताईला, पण ताई आधी शुद्धलेखन तपासेल. त्या हसल्या नाहीत. मग मलाच रडू फुटलं, आणि थांबेना. डब्यातले निम्मे रुमाल संपवले.

त्यांनी एका डॉक्टरांकडेही पाठवलंय. गोळ्या सुरू झाल्या आहेत. संध्याकाळी पाचला सौ.नं सगळ्यांना कोचावरून उठवलं, सासरेबुवांना टोपीसकट. मग आम्ही दोघंच बसलो. साडेपाचला ती उठली नाही. सहालाही नाही.

तुझ्यापासून लपवलं, पोटात घाल.

तुझा
ठोकळ्या


८ एप्रिल

चि. ठोकळ्यास,
अ. आ.

पत्र उभ्यानं वाचायला घेतलं होतं, खाली बसून संपवलं. तू नसतास तर, असं वाक्य चारदा लिहायला घेतलं आणि चारदा खोडलं. ते पुढे जातच नाही. तू मला हवा आहेस. चेष्टा करायला, ओरडायला, नुसता असायला. हे तुला कधी बोलून दाखवलं नाही, ही माझी चूक.

गार पाण्याचं मागे घेते. गणितांचंही. त्या तीन पानांचं काय ते बाईंनाच विचार.

आता एक करार करू. सकाळी उठलास की रोज एक कार्ड टाकायचं. एकच ओळ, पण खरी. मी उपदेश करणार नाही, अक्षराबद्दल बोलणार नाही. फोनही करणार नाही, कारण फोनवर तू नेहमीच बरा असतोस.

तुझीच,
ताई


१६ एप्रिल

ती. ताईस, सा. न. आज चारला जाग आली. तोच विचार. चहा घेतला, तो बरा झाला होता. ठोकळ्या


२९ एप्रिल

ती. ताईस, सा. न. आज साडेपाचला जाग आली. विचार आला, पण जरा उशिरा आला. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. सासरेबुवा टोपीशिवाय फिरायला गेले. ठोकळ्या


१३ मे

ती. ताईस, सा. न. काल कामावर गेलो. ब्रेक एकदाच बघितला. खाली आल्यावर दहा मिनिटं रस्त्यावर उभा होतो, घामाघूम, पण परत वर गेलो नाही. आज विचार आला की नाही, आठवत नाही. ठोकळ्या


२४ मे

चि. ठोकळ्यास,
अ. आ.

सोमवारी कार्ड आलं नाही. टपालाचा घोळ असेल म्हटलं. मंगळवारीही नाही. बुधवारी पोस्टमनला फाटकातच गाठलं आणि त्याची पिशवी ओट्यावर उपडी करायला लावली. बिचारा मुकाट्यानं एकेक पाकीट दाखवत होता. शेजाऱ्यांच्या लग्नाच्या पत्रिका होत्या, तुझं काही नव्हतं.

आज सकाळी करार मोडला. नंबर दोनदा चुकला. फोन सौ.नं उचलला आणि ती कुजबुजत बोलली. संपलं सगळं, असं वाटलं मला. ज्या आवाजाला अख्खी शाळा टरकायची त्याच आवाजात ओरडले, कसा आहे तो? ती म्हणाली, ताई, हळू बोला हं, अजून झोपलाय. साडेआठ वाजले होते.

म्हणाली, आठवडा झाला, असंच चाललंय. गजर वाजतो, तू बंद करतोस आणि कूस बदलून झोपतोस. मग धावतपळत कामावर जातोस, आणि कार्ड टेबलावर तसंच राहतं. वर पत्ता लिहिलेला, खाली कोरं. उठवू का म्हणून विचारत होती. मी तिला सांगितलं, खबरदार हात लावलास तर.

फोन ठेवला आणि मोठ्यानं रडले. शेजारीण धावत आली, काय झालं म्हणून विचारायला लागली. गुडघा दुखतोय म्हणून सांगणार होते. पण खरं तेच सांगितलं. माझा भाऊ झोपलाय, म्हटलं. तिला काही कळलं नाही, तरी ती बसली माझ्याजवळ.

कार्ड सवडीनं टाक. घाई नाही. लोभ जागा राहू दे, तू झोप.

तुझी
ताई