चार दिवे आणि एक तार

डावीकडचा खटका दाबला आणि गाडीचे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकायला लागले, अब्बा. उजवीकडचा दाबला, तरी चारही. दारात खुर्ची टाकून बसलेले फोरमन हसले. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला माणूस, गाडी विकत घेणारा. "काऊन बाई, वरातीची गाडी बनवली का? दोन्ही डोळे मारून राह्यली." मी म्हटलं, "थांबा भाऊ, डावं-उजवं शिकवते तिला." ही तुमचीच गाडी आहे. नळ्यांची फ्रेम तुम्ही इथेच राजुऱ्यात वेल्डिंग करून घेतली होती, फायबरची बॉडी नागपूरहून ट्रकवर आली होती, इंजिन अपघातात गेलेल्या एका व्हॅनचं. सोळा वर्षं ती दुकानामागच्या पत्र्याखाली उभी आहे. फोरमन उद्या सकाळी ती नेणार आहेत, गावाबाहेरच्या शेतावर. एलईडीचेच इंडिकेटर पाहिजेत म्हणाले. मी विचारलं, "शेतात वळताना कोणाला दाखवणार?" तर म्हणाले, "ढोराइले."

तुमच्या वेळी आपल्याकडे गाड्यांना एलईडी नव्हते. तुमच्या फ्लॅशरमधली पट्टी बल्बच्या करंटने तापायची तेव्हा टिकटिक करायची. एलईडी करंट इतका थोडा घेतात की पट्टी तापतच नाही. म्हणून मी तीन पायांचा नवा फ्लॅशर बसवला. टिकटिक आली, पण चारही दिव्यांची. दुपार त्यात गेली. मग डॅशबोर्ड उघडला आणि तुमचं काम दिसलं. डावी-उजवी बाजू दाखवायला तुम्ही एकच लहान दिवा लावला होता, एक तार डाव्या बाजूला, दुसरी उजव्या. बल्ब असताना ते बरोबर होतं. त्या दिव्यातून पलीकडे जो थोडा करंट जातो त्याने बल्ब पेटत नाही. एलईडी पेटतो. करंट एकाच दिशेने जाऊ देणारे दोन डायोड लावले, लहान दिव्याची एक तार फ्रेमला नेली. आता डावीकडचं डावीकडे राहतं. तुमची चूक नव्हती. हे मी फोरमनना मुद्दाम सांगितलं. ते मागच्या डाव्या कोपऱ्याशी वाकले होते. तिथे फायबर जळून काळं झालं आहे, तळहाताएवढं. "हा डाग कायचा?" मी म्हटलं, "अब्बांच्या हातून झाला." ते म्हणाले, "राहू द्या मंग. मिस्तरीची सही हाय ते."

तुम्हाला लाल आणि हिरवा एकच दिसायचा. हे गावात आपल्या दोघांनाच माहीत होतं. गाड्यांचं वायरिंग करणाऱ्याला रंग कळत नाहीत हे बाजारात समजलं असतं तर दुकानासमोर कोणी गाडी उभी केली नसती. म्हणून रोज सकाळी, दुकानाचं शटर अर्धंच वर करून, मी तारा लावून ठेवायची. लाल तुमच्या उजव्या हाताला, हिरवी डाव्या हाताला, काळी मध्ये. गिऱ्हाईक समोर असलं की तुम्ही तार वर धरायचात आणि रागावल्यासारखं विचारायचात, "हे कोणती आणली वो?" मी रंग सांगायची. लोकांना वाटायचं, बाप पोरीला शिकवतो आहे. घरी आपण हिंदी बोलायचो, दुकानात मराठी. मराठीत एम.ए. करायला नागपूरला गेले ती दोन वर्षं तुम्ही कशी काढलीत, मी कधी विचारलं नाही. मी परत आले तेव्हा तुमच्या अंगठ्यावर भाजल्याच्या खुणा होत्या.

अहेरीच्या कॉलेजातून पत्र आलं. मराठी शिकवायची नोकरी, आठवड्यात हजर व्हायचं. तुम्ही ते पत्र दोनदा वाचलंत, घडी घालून फ्यूजच्या डब्यात ठेवलंत आणि म्हणालात, "चार महिने थांब. गाडी होऊ दे, मंग जाजो." त्याच दिवशी दुपारी तुम्ही गाडीच्या मागे बसलेले आहात, गुडघ्यावर दोन तारा. फायबरमधून करंट परत येत नाही म्हणून प्रत्येक दिव्याची अर्थिंगची तार फ्रेमपर्यंत वेगळी न्यावी लागते, आणि अर्थिंगला तुम्ही घरातल्या वायरिंगसारखी हिरवी वापरता. लाल थेट बॅटरीची. फ्यूज अजून बसवायचा आहे. तुम्ही एक तार वर धरता. "हिरवी ना?" दुकानात दुसरं कोणी नाही. मी "हो" म्हणते. तुम्ही ती फ्रेमच्या बोल्टाला आवळता.

तारेचं प्लास्टिक पेटलं, त्याने फायबर पेटलं, तुम्ही हाताने विझवलंत. मग बोटं पाण्यात धरून म्हणालात, "तू सांगितलं होतं बरोबर. मीच उचलली दुसरी." त्यानंतर तुम्ही एकट्याने साधा बल्बसुद्धा बदलला नाहीत. प्रत्येक तार माझ्यासमोर यायची, दोनदा. "तुझ्याबिगर मले जमत नाई आता." अहेरीची मुदत टळली. चार वर्षांनी तुम्ही गेलात, तरी मी रोज सकाळी शटर अर्धं वर करून तारा मांडते. लाल उजवीकडे, हिरवी डावीकडे. मला रंग दिसतात. दुसऱ्या कशाही क्रमाने मांडून काम करता येत नाही.

हा कागद डॅशबोर्डच्या मागे ठेवून गाडीबरोबर पाठवून द्यावा, असं लिहायला बसताना मनात होतं. आता ठेवणार नाही. ती तार लाल होती, अब्बा. मला ती नीट दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोरमन आले. त्यांनी डागावर हात ठेवून पुन्हा म्हटलं, "मिस्तरीची सही." मी म्हटलं, "माझी आहे ती." ते हसले, "हव का?" म्हणाले आणि गाडीत बसले. रस्त्याला लागताना डावीकडचे दोनच दिवे लुकलुकले. साडेनवाला एक ट्रॅक्टरवाला हॉर्न घेऊन आला. मी त्याला बसायला सांगितलं.