मागाच्या घरातला आवाज

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझं तुमच्याशी बोलायचं राहिलंय ते राहिलंयच. पाचवीला मी वडगावातनं शहरातल्या तुमच्या शाळेत आले, तो पहिला दिवस. तुम्ही हजेरी घेताय, माझं नाव येतं आणि मी घरात बोलते तशी ओरडते, "व्हय बाई!" आणि वर तुमच्या ओठांकडं टक लावून बघतेय. वर्ग हसतो. "केवढ्यांदा ओरडतीस गं? आणि बघतीस कशी! लई आगाऊ दिसतीस," म्हणून तुम्ही मला शेवटच्या बाकावर धाडता. आमच्या घरात साड्यांचे माग दिवसभर खडखडायचे. तिथं ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही आणि ओठ बघितल्याशिवाय कळत नाही. हे कुणाला सांगावं लागतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

तो 'आगाऊ' मला वर्षभर पुरला. उत्तर दिलं तरी आगाऊ, नाही दिलं तरी आगाऊ. शेवटी मी तोंडच मिटलं. मग मी तापानं पडले आणि तुम्ही घरी आलात. दारातनं काहीतरी विचारलंत, ते मागांच्या खडखडाटात कुणालाच ऐकू गेलं नाही. मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता आई तुमच्या तोंडाकडं बघत ओरडली, "काय म्हंता बाई? मोठ्यानं बोला की!" तुम्ही आईकडं बघितलंत, मग माझ्याकडं, आणि तुमचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. अस्संच पाहिजे, असंही वाटलं.

पुढं तुम्ही मला पहिल्या बाकावर आणलंत, गॅदरिंगला कविता दिलीत. "तुझाच आवाज मागंपतोर जाईल बघ." मी नुसती नकारार्थी मान हलवली. "अजून रागावलीस व्हय गं माझ्यावर?" सगळ्या वर्गासमोर विचारलंत, तरी मी जमिनीकडंच बघत राहिले. तुम्ही तुमचं मत बदललंत, बाई. मी माझं बदललं नाही, आणि दहावीपर्यंत तुमच्यासारख्या बाई समोर असून मी एक शंका विचारली नाही. त्याचं फार वाईट वाटतं.

आता माग विकले. घर शांत आहे, पण त्या खडखडाटात आईचे कान गेले. ती माझ्या ओठांकडं बघत म्हणते, "मोठ्यानं बोल की गं." आणि तेव्हा मिटलेल्या तोंडातनं मला मोठा आवाजच काढता येत नाही. काल मात्र दार लावून घेतलं आणि तिला तुमची ती कविता ओरडून म्हणून दाखवली. एकही ओळ अडली नाही. बाई, ती मला तेव्हाही पाठ होती.