साळूचे द्राक्षासव

पुणतांबे, ६ मार्च १९४४

चि. मच्छिंद्र यास गोरक्षचे आशीर्वाद.

साळूचे सुतक फिटले, तरी पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ लिहायला हात होत नाही. तुझ्या आक्काचे द्राक्षासव बाटलीत भरून पाठवतो. हिवतापाच्या अशक्तपणावर आईने घरी केले होते. पाजत मी होतो. साळूचे पोट दुखे, तोंड पांढरे पडे, की मी आणखी पाजी. यंदा ते मडक्यात न घालता ताज्या कल्हईच्या हंड्यात घातले होते. परवा कल्हईवाला हसत सांगून गेला, की लढाईमुळे कथील मिळत नाही, सगळेच शिसे मिसळतात. तुमच्या सरकारी प्रयोगशाळेत दारू तपासतात, तसे हे तपास. निघेल ते लिही, माझी भीड धरू नकोस.

ममता राहू दे.
गोरक्ष

मुंबई, १९ मार्च

ती. दाजींस सा. न. वि. वि.

बाटली पोचली. बहिणीच्या घरून दारू येते, नशीबवान आहेस, अशी साहेबांनी थट्टा केली. त्यांना काही ठाऊक नाही.

आसव आटवले, जाळून राख केली, ती आम्लात विरघळवली. त्यात आमचे हिरवे औषध घालून हलवले की किंचित शिशानेही गुलाबी होते. हे लाल झाले. इतके, की पातळ केल्याशिवाय रंगमापक यंत्रात मोजता येईना. आक्का त्यानेच गेली का, हे यंत्र सांगत नाही. पण पोट दुखते असे तिने कळवले, तेव्हा आसव सोडू नकोस असे मीच लिहिले होते.

उरलेले कोणी घेत असेल तर आजच थांबवा.

आपला
मच्छिंद्र

पुणतांबे, २४ मार्च

चि. मच्छिंद्र यास आशीर्वाद.

आई घेत होती. सुनेमागे वाया जाऊ नये म्हणून, मला न सांगता. भाकरी थापताना मनगट गळते म्हणते. उद्या सांधेदुखीचे निमित्त करून तिला नगरच्या डॉक्टरांकडे नेतो.

आसव मी उकिरड्यावर ओतले आणि धक्क्याने सांडले म्हणून सांगितले. बायकोसंगं अक्कल बी गेली व्हय, असे ती ओरडली.

एक तुला लिहिले नव्हते. हंड्याचा हट्ट आईचा. मडक्याला वास येतो, सुनेच्या पोटात चांगले जावे, म्हणून तिने स्वतः उभे राहून कल्हई करवून घेतली. तू भाऊ आहेस, जाब विचारशील. तो मला विचार.

गोऱ्याने हात आखडता घेतला, पोटभर पाजलं असतं तर सून जगली असती, असे ती शेजारणींना सांगते. मी मान डोलावतो. तू आलास म्हणजे तूही डोलाव.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
गोरक्ष