स्फटिकाला सुई लावायची नाही

सॅस्काटून, ३ फेब्रुवारी, सकाळी ८
आठ महिन्यांनी प्रथिनाच्या थेंबात स्फटिक! सहा बाजू, आरपार स्वच्छ. स्नायूंच्या पेशीतलं दार म्हणजे हे प्रथिन. आमच्या मर्लीनच्या अंगात त्याची घडी चुकलीय, दार उघडत नाही, म्हणून तिची आवळलेली मूठ सुटत नाही. स्फटिकावर एक्स-रे मारून एकदा आकार दिसला की दार कुठे अडतं ते कळेल. संकल्प: पक्कं होईपर्यंत बहिणीला एक शब्द सांगायचा नाही.

३ फेब्रुवारी, दुपारी १२
मर्लीनला सांगितलं. फोनवर रडली. मीही रडलो.

५ फेब्रुवारी
लॅबमधली डार्लीन म्हणते, लॉर्न, उगाच हुरळू नकोस, आधी सुई टोचून बघ. प्रथिन असेल तर लोण्यासारखं मोडेल, मीठ असेल तर कट्ट वाजेल. वीस वर्षं काचा धुतल्या की माणसाला सगळीकडे मीठच दिसतं. इतक्या देखण्या वस्तूला सुई? छे!

११ फेब्रुवारी
बॉसने बजावलं, मार्चअखेर काही दिसलं नाही तर हे प्रथिन बंद, दुसरं घे. मी नुसता हसलो. बिचाऱ्याला कल्पना नाही.

१९ फेब्रुवारी
उणे चौतीस. गाडी सुरू होईना, स्फटिक डार्लीनच्या गाडीतून एक्स-रेला नेला. वाटभर सुई, सुई, सुई. शेवटी म्हणाली, घाबरतोस तू. काहीतरीच!

१९ फेब्रुवारी, दुपारी ४
एक्स-रेच्या चित्रात ठिपके आले! शेकडो यायला हवेत, नऊच आले. पण काय ठसठशीत! संख्येपेक्षा दर्जा महत्त्वाचा. मर्लीनला कळवलं. रविवारी जेवायला ये म्हणाली.

२० फेब्रुवारी
डार्लीनने शेजारचा थेंब दाखवला. त्यात प्रथिन घातलंच नव्हतं, नुसतं पाणी आणि क्षार. त्यातही तस्साच स्फटिक. सहा बाजू, आरपार स्वच्छ.
ती गेल्यावर माझ्या स्फटिकाला सुई लावली. कट्ट.

२२ फेब्रुवारी, रविवार
रस्त्यात ठरवलं, आज सांगायचं नाही, जेवण झाल्यावर बघू. दारातच मर्लीनने हात हातात घेतला आणि तिची मूठ आवळली ती सुटेना. मग सांगून टाकलं. मूठ बऱ्याच वेळाने सुटली.
बटाट्याचं सारण भरलेल्या तिच्या पेरोगीत मीठ कमी होतं. मागितलं नाही.